शेवटी बसलेला थोरला

रेवण, तुला दिलेला शब्द मी तुझ्या दहाव्यालाच मोडला. हे आधी सांगून टाकते, कारण तू असतास तर मान तिरकी करून पहिल्यांदा हेच विचारलं असतंस, "सांगितलंस ना बे शेवटी?" हो, सांगितलं. तुझ्या धाकट्या भावाला, सिद्धूला सांगितलं, तुझ्या मामांना सांगितलं आणि त्याच दुपारी तुझ्या आईला, अव्वांनाही सांगितलं. अठरा वर्षं जी गोष्ट तू स्वतःच्या घरात शिरू दिली नाहीस, ती मी एका दिवसात तुमच्या ओसरीवर नेऊन ठेवली.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, "सुजा, अव्वाला कळू द्यायचं नाही. ती मरंल." मी बरं म्हणाले. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, बोटांत जोर राहिला नव्हता. तशा माणसाशी काय भांडायचं? पण आपलं भांडण मिटलं नव्हतं, हे तुलाही माहीत होतं. ते मी आता पुरं करणार आहे. तू नाहीस म्हणून एकटीच बोलत सुटेन, असं मात्र करणार नाही.

आपण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजात रक्तदान शिबिर झालं, दोघांनी हौसेनं रक्त दिलं, बिस्किटं खाल्ली, आणि काही दिवसांनी तुला एकट्यालाच निरोप आला की येऊन भेटा. एकट्याला धीर होईना म्हणून मला बरोबर नेलंस. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, हिपॅटायटिस बी. परतताना सोलापूरच्या सात रस्त्याला, चौकातल्या रसाच्या गाड्यावर थांबलो, तर तू ग्लास हातात धरून बोटांवर मोजत बसलास. "मला कधी रक्त चढवलं नाही, ऑपरेशन नाही, गोंदण नाही. म्हणजे जन्मतानाच. म्हणजे अव्वाकडनं." मी म्हणाले, त्यांना तपासल्याशिवाय तू हे कसं ठरवतोस? तू म्हणालास, "म्हणून तर तपासायचं नाही." ग्लासातला रस संपायच्या आत तुझा निर्णय झालेला होता. आपल्या पोटातून लेकराला हे गेलं असं कळलं तर अव्वा जगणार नाहीत, यावर तू ठाम होतास. अव्वांना तू नीट ओळखतोस का, अशी शंका मला तेव्हाच आली होती.

मग तू प्राध्यापक झालास आणि मी त्याच चौकाजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. तू पोरांना सूक्ष्मजीव शिकवायचास, मी दिवसभर लोकांच्या शिरा शोधायची. एकदा तू मला तुझ्या तासाला मागच्या बाकावर बसवलंस. गावाहून वडिलांची घोंगडी आणली होतीस. त्या दिवशी विषय होता हिपॅटायटिसचाच डेल्टा विषाणू, म्हणजे हिपॅटायटिस डी.

वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाला पुढं बोलावलंस, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत त्याला घोंगडी पांघरलीस आणि म्हणालास, "आमच्या गावात कुत्री घोंगडी ओळखतात, आतला माणूस बघत नाहीत. घोंगडी ओळखीची असली की वाट सोडतात. यकृताची पेशी तशीच. वरचं आवरण ओळखीचं दिसलं की आत घेते." मग सांगितलंस की हिपॅटायटिस बी स्वतःची घोंगडी स्वतः विणतो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त विणतो, रिकाम्या घोंगड्यांचे ढीगच्या ढीग रक्तात सोडतो. डेल्टाला ते जमत नाही. पेशीत एकदा शिरला की पेशीचीच यंत्रं वापरून तो आपल्या प्रती काढतो, पण बाहेर पडून पुढच्या पेशीत जायचं तर त्याला आवरण लागतं, आणि ते बीच्या ढिगातून उचलल्याशिवाय मिळत नाही. म्हणून पुस्तकात एकाला सदोष विषाणू म्हणतात आणि दुसऱ्याला मदतनीस. एका मुलीनं विचारलं, "सर, मदतनीस मुद्दाम मदत करतो का?" तू म्हणालास, "त्याला पत्ताही नसतो. त्याचं विणकाम चालू असतं, बस्स."

तास संपल्यावर चहा पिताना मी म्हणाले, सदोष कसला, चोर म्हण की सरळ. तू म्हणालास, "चोर नाही बे. उघडा आहे बिचारा." मला संताप आला. म्हटलं, उघड्याची कीव करतोस, पण बी तुझ्या यकृतात बसलाय, घोंगड्यांचा ढीग तुझ्याकडं आहे, हा उघडा उद्या तुझ्याच दारात आला तर? तू हसलास आणि म्हणालास, आपल्याकडं तो फारसा सापडत नाही. तुझ्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आणि ताटाचा तर येतोच येतो. अक्कलकोटच्या पुढं तुमच्या गावी मी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा फळीवर एक ताट आणि एक पेला वेगळा काढून ठेवलेला दिसला. अव्वा कौतुकानं म्हणाल्या, "रेवणचं हाय त्ये. देवाला बोललाय, आपल्या ताटात दुसऱ्याला जेवू द्यायचा न्हाय." मी तुला मेंढरांच्या वाड्यामागं गाठलं. वेगळ्या भांड्यांशी आमच्या घराचं जुनं वैर आहे, रेवण. माझ्या आजीनं ज्या घरात धुणी धुतली, तिथं तिची कपबशी दाराबाहेरच्या कोनाड्यात असायची. तू, सूक्ष्मजीवशास्त्राचा मास्तर, बी ताटानं पसरत नाही हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेला, स्वतःच्या हातानं स्वतःला कोनाड्यात ठेवत होतास. "माहीत आहे मला," तू म्हणालास, "पण अव्वाच्या ताटाला हात लावायला होत नाही."

गंमत म्हणजे दाराजवळच्या खिळ्याला अख्ख्या घराचं मिळून एकच नेलकटर टांगलेलं होतं, आणि आरशामागं तुझं आणि सिद्धूचं एकच दाढीचं सामान. रक्ताचा थेंब जिथं लागू शकतो, तिथं तुझं लक्षच गेलेलं नव्हतं. मी दाखवलं तेव्हा तुझा चेहरा उतरला. त्या दिवसापासून तू आपलं नेलकटर आणि रेझर खिशात घेऊन फिरायला लागलास, आणि ताटही वेगळंच राहिलं. हट्टी माणसाला शिकवून काही उपयोग नसतो.

याच हट्टानं तू लग्न केलं नाहीस. आज स्पष्ट लिहिते, कारण आता लाजायचं कुणासमोर? मला तू हवा होतास. लॅबमध्ये नोकरी लागली त्याच वर्षी माझे लसीचे तीन डोस झाले होते, रक्तातली प्रतिकारशक्ती मोजून घेतली होती, तो कागदही तुला दाखवला होता. दुसऱ्या बायका काय दाखवतात कोण जाणे, मी तुला माझा रिपोर्ट दाखवला. तू तो नीट वाचलास, "छान आलाय" म्हणालास आणि घडी करून परत दिलास. मी त्यापुढं काही बोलले नाही आणि तूही नाहीस. यात तुझी बाजू काय होती, ते मला खरंच माहीत नाही.

गोळ्या चालू होत्या. कित्येक वर्षं बी दाबात राहिला, म्हणून आपण दोघंही निर्धास्त झालो. गेल्या वर्षी मात्र बीचा आकडा खाली आणि यकृताची सूज वर, असं उलटंसुलटं दिसायला लागलं. मीच म्हणाले, डेल्टा बघू. तू पुन्हा हसलास, पण या वेळी हसणं ओठांपुरतंच होतं. तुझ्या रक्ताची नळी मी स्वतः बांधून पुण्याला पाठवली आणि रिपोर्टही मीच आधी उघडला. डेल्टा होता. गोळीनं बीची वाढ थांबते, घोंगड्यांचं विणकाम थांबत नाही, हे तू मला फळ्यावर काढून दाखवलं होतंस. तो कुठून आला हे कुणालाच सांगता आलं नाही. कुठली सुई, कुठलं ब्लेड, कुठल्या गावातलं सलून? पुढचं तुला माहीत आहे. ते मी लिहीत नाही.

आता दहाव्याचं सांगते. पण आधी तुझ्या वडिलांच्या दहाव्याचं सांगावं लागेल, कारण गावानं ते अजून विसरलेलं नाही. ओढ्याकाठी सगळे भाऊबंद ओळीनं बसले होते. केस आधी थोरल्या लेकानं द्यायचे, मग धाकट्यानं, मग चुलत्यांच्या पोरांनी. न्हावी एकच, ब्लेड एकच. तू पुढं यायला नकार दिलास. "सगळ्यांचं होऊ दे, मी शेवटी बसतो." मामा अंगावर धावून आले. कुणी म्हणालं शिकून माजलाय, कुणी म्हणालं बापावर राग धरला होता. तू खाली मान घालून उभा राहिलास आणि खरंच शेवटी बसलास. तुझं झाल्यावर ते ब्लेड कागदात गुंडाळून खिशात टाकलंस. चार वर्षं तुला लोकांनी ऐकवलं, आणि तू एकदाही कारण सांगितलं नाहीस.

तुझ्या दहाव्याला मीही ओढ्यावर गेले. बाईमाणसानं तिथं जायचं नसतं, त्यात मी परक्या घरातली. सिद्धू म्हणाला, "ताई, तुमी हितं कशाला आलाव?" मी न्हाव्याला म्हणाले, प्रत्येकाला नवं ब्लेड लावा, मी डबीच आणलीय. तो बिचारा लगेच तयार झाला. पण मामा फिसकन हसले. "रेवणची मैतरीण शोभता खरी. त्यानं तर बापाच्या दहाव्याला..."

त्यांना मी वाक्य पुरं करू दिलं नाही. तू शेवटी का बसलास ते सांगितलं. तुला रक्तातली कावीळ होती, जन्मापासून होती, आणि तुझ्या डोक्यावरून फिरलेलं ब्लेड सिद्धूच्या डोक्याला लागू नये म्हणून तू सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यास. एवढंच बोलले, पण ओरडून बोलले बहुतेक, कारण ओढ्यापलीकडची माणसंही बघायला लागली. मामा खाली बसले. म्हणाले, "येवढं सांगायचं तरी हुतं की रं पोरा." तुलाच म्हणाले ते, माझ्याकडं बघितलंही नाही. सिद्धूनं डोळे पुसले आणि विचारलं, "अव्वाला कोन सांगनार?" मी म्हणाले, मी.

खरं सांगायचं तर मी सकाळी निघतानाच पर्समध्ये तपासणीची किट टाकून आणली होती. म्हणजे माझा शब्द घरातून निघण्यापूर्वीच मोडलेला होता. त्याचं कारण तुला माहीत नव्हतं असं नाही. सिद्धूची बायको महादेवी, नववा महिना लागलेला. तिचं तपासणीचं कार्ड मी मागच्या खेपेला चाळलं होतं आणि हिपॅटायटिस बीचा रकाना कोरा दिसला होता. तू आजारी, मग तू गेलास, त्या धावपळीत कुणाला सुचणार? आईच्या रक्तात बी असेल तर बाळाला जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांत इंजेक्शनं मिळावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. ती वेळ हुकली की एक नवा रेवण तयार. मला दुसरा रेवण नको होता.

अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सांगायला लागले तशा त्या मधेच म्हणाल्या, "ल्हानपनापासनं हुती म्हन्तीस. मंग मला कशी न्हाय कळली?" मी म्हणाले, वरून कळत नाही. "कुटनं आली?" इथं मला खोटं बोलता आलं असतं. माहीत नाही म्हणाले असते तर तुझा निम्मा शब्द तरी राहिला असता. पण दारात महादेवी कंबरेवर हात ठेवून उभी होती. मी म्हणाले, "बहुतेक तुमच्याकडनं, अव्वा. जन्मताना. तुमाला ती तुमच्या आईकडनं आली असंल. यात कुणाची चूक नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं, उठल्या आणि मेंढरांच्या वाड्यात निघून गेल्या.

तरी संध्याकाळी बोट पुढं केलं त्यांनीच पहिल्यांदा. मामांच्या किटवर एक रेघ उमटली, म्हणजे बी नाही. अव्वांच्या दोन. सिद्धूच्या दोन. महादेवीच्या दोन. लॅबमध्ये पुन्हा करून बघितलं, तेच आलं.

म्हणजे ज्याला तुझ्या ब्लेडपासून वाचवायला तू शेवटी बसलास, त्या सिद्धूला हे तुझ्यासारखंच जन्मापासून होतं, आणि त्याच्याकडून ते महादेवीला गेलं होतं. एका साध्या तपासणीनं अठरा वर्षांपूर्वीच कळलं असतं. तुझ्यावर मी इतकी चिडले की त्या दिवशी अक्कलकोट येईपर्यंत गाडीत तुला शिव्या देत होते. मीच बरोबर ठरले आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

मग सिद्धूची डेल्टाची तपासणी पुण्याहून आली. डेल्टा नाही. त्या ओढ्यावर तुझ्या रक्तात डेल्टा आलेला होता की नव्हता, हे आता कुणी सांगू शकत नाही. पण आलेला असला, तर सिद्धूकडं त्याच्यासाठी घोंगड्यांचा ढीग तयार होता आणि मधे फक्त ते एक ब्लेड होतं. म्हणजे कदाचित तुझ्या त्या शेवटी बसण्यानंच तुझा भाऊ वाचला असेल. तुझं कारण अर्धं चुकलेलं होतं, पण केलंस ते योग्यच. त्यासाठी तुझे उपकार मानते, आणि लपवल्याचा राग तसाच ठेवते. दोन्ही एकाच वेळी आहेत माझ्या मनात, मला त्याची अडचण वाटत नाही.

सिद्धूच्या गोळ्यांची चौकशी सुरू झाली आहे. मी दर रविवारी तुमच्या गावी जाते. मामा आता माझे सगळ्यात मोठे प्रचारक आहेत, घरोघरी जाऊन सांगतात, "बोट दे की गपगुमान, रेवणच्या मैतरणीला." ज्यांची एक रेघ येते त्यांना लस, ज्यांच्या दोन येतात त्यांना मोठ्या दवाखान्याचा रस्ता. बी नाही तिथं डेल्टाला उभं राहायला जागा नाही, हे तुझं वाक्य मी ओसरीओसरीवर सांगते आहे. पुढचं गाव कुठलं, तेही ठरलंय. मी थांबणार नाही.

अव्वा मात्र तुझ्या दहाव्यापासून गप्प झाल्या. भाकरी थापेनात, महादेवीच्या केसांना तेल लावेनात. सगळ्यांपासून हात लांब ठेवून बसायला लागल्या. तू म्हणाला होतास तसंच होतं की काय, अशी मला भीती वाटली. महादेवीच्या माहेरचे पहिलटकरणीला न्यायला आले, तेव्हा मात्र त्या पहिल्यांदा बोलल्या. "न्हाय. बाळतपन सोलापुरातच हुईल. सुजा आसंल तितं."

परवा सकाळी दहाच्या सुमारास मुलगी झाली. इंजेक्शनं मी आधीच सांगून ठेवली होती. पहिल्या तासातच एका मांडीत तयार प्रतिकारद्रव्यं आणि दुसऱ्या मांडीत लस गेली. तू वर्गात सांगायचास ना, लस म्हणजे नुसती घोंगडी, आत कुणी नाही. तीच घोंगडी ती पोर आता ओळखायला शिकेल, मग तिच्या आडून बी येवो नाहीतर डेल्टा. दोन सुया टोचल्यावर तिनं असा काही टाहो फोडला की नर्सबाई हसायला लागल्या.

अव्वा दाराशीच उभ्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी बाळ त्यांच्याकडं नेलं तर मागं सरकल्या. "माझ्या हातात नगं." मी म्हणाले, हातानं होत नाही, मांडीवर घेतल्यानं होत नाही, मुका घेतल्यानंसुद्धा होत नाही. त्या हलल्या नाहीत. मग मी त्यांना बाकावर बसवलं आणि न विचारता बाळ मांडीवर ठेवलं. पोर रडायची थांबली. अव्वांनी तिच्याकडं बघत, मान वर न करता विचारलं, "रेवणनं मला का न्हाय सांगितलं?"

मी म्हणाले, "तुमी मराल असं वाटलं त्याला."

"मी?" त्या म्हणाल्या. "त्याच्या आदी दोन लेकरं पुरली मी. न्हवरा गेला. त्यो गेला. मेले का? त्यानं सांगितलं असतं तर चार दिस रडले असते, सुजा. पाचव्या दिशी सिद्धूचा हात धरून तुज्याकडं घिऊन आले असते की."

मग त्या रडल्या, रेवण. मोठ्यानं रडल्या, सगळा वॉर्ड वळून बघेल अशा रडल्या. बाळ त्यांनी खाली ठेवलं नाही.